दुपारपर्यंत होता

बाबा, तुमच्या खोलीत आता माझी पलटण राहते. तुमचा पलंग होता तिथे भिंतीला लागून काचेची तीन कपाटं आहेत आणि त्यांत मोजणं मी कधीच सोडून दिलंय इतकी माणसं उभी आहेत, प्रत्येक जण अंगठ्याच्या पेराहून थोडासाच उंच. मावळे आहेत, लाल डगल्यांचे गोरे शिपाई आहेत, तोफा ओढणारे बैल आहेत, आणि खालच्या खणात तुम्हाला कधीच न पटलेले राक्षस, दाढीवाले बुटके आणि पंख तुटलेला एक ड्रॅगन. पावसाचे चार महिने कपाटात दिवा पेटता ठेवावा लागतो, नाहीतर मांडवीची समुद्रावरची दमट हवा रंगावर बुरशी आणते. पन्नाशीची बाई दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासते आणि घरी येऊन शिपायांच्या कोटाची बटणं रंगवते. समोरची शेजारीण सगळ्यांना सांगते की मला नाद आहे. दारुड्याविषयी बोलताना तोंड जसं होतं तसंच तिचं तेव्हा होतं. तिचं काही फार चुकतं असंही नाही.

सुरुवात एका तलवारीपासून झाली, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या लॅबला काम देणारे दातांचे डॉक्टर परदेशात शिकून परतले तेव्हा सोबत असल्या शिपायांनी भरलेली एक पेटी घेऊन आले. त्यातल्या एका घोडेस्वाराची तलवार मोडली होती. तुम्ही दाताला दात जोडता, एवढं जोडून द्या, असं ते थट्टेनं म्हणाले, आणि दात सरळ करायला वापरतात त्या तारेची तलवार ठोकून, घासून मी ती त्याच्या हातात बसवली. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी मला दहा बिनरंगी शिपाई, रंगाच्या बाटल्या आणि जेमतेम चार केसांचा एक ब्रश भेट दिला. महिन्याभरात मी पुरती बिघडले. हे सगळं रंगवून नुसतं शोभेला ठेवायचं नसतं, ते मला नंतर कळलं. टेबलावर थर्माकोलच्या टेकड्या मांडायच्या, दोन्ही बाजूंना सैन्य उभं करायचं, टेपनं अंतर मोजत पुढे सरकायचं, फासे टाकायचे आणि फाशानं ज्याला मारलं त्याला टेबलावरून उचलायचं. रविवारी सकाळी आपल्या पुढच्या खोलीत डॉक्टर आणि मी असे उंटावरून शेळ्या हाकत बसायचो. तुम्ही खऱ्या पलटणीत पंधरा वर्षं काढलेली, मग कचेरीत शिपाई म्हणून बाकीची नोकरी. तुम्ही दारातून एकदा बघायचात आणि चहाचं आधण ठेवायला आत जायचात.

एकदाच बोललात. पडलेले शिपाई ठेवायला काही हाताशी नव्हतं म्हणून मी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं होतं. डाव रंगात आलेला, ताटात वीसेक जण आडवे. तुम्ही कप घेऊन आलात आणि तिथेच थांबलात. "ताटात नको ठेवू त्यांना," तुम्ही म्हणालात. "आपण जेवतो त्यात." आवाज चढवला नव्हता, पण डॉक्टरांनी हातातले फासे खाली ठेवले. मी गुपचूप ताट विसळून फळीवर ठेवलं आणि तेव्हापासून त्या कामाला बुटाच्या खोक्याचं झाकण आलं. त्याच आठवड्यात तुम्ही प्लायवूडचे तुकडे आणून माझ्या शिपायांसाठी एक पेटी केलीत, आत एकेकाला झोपायला स्वतंत्र कप्पा, आणि प्रत्येक कप्प्याला करड्या कांबळ्याचं अस्तर. ते कांबळं तुम्ही पलटणीतून आणलेलं होतं आणि आईलासुद्धा कधी कुणाला पांघरायला देऊ दिलं नव्हतंत. मी नुसतं "मस्त झालीय" म्हणाले आणि लगेच कोणाला कुठे ठेवायचं ते ठरवायला बसले. आज ती पेटी उघडते तेव्हा स्वतःची लाज वाटते.

मला लिहायचंय ते तुमच्या सोबत्याविषयी. मालगुंडच्या अलीकडच्या वाडीतला तो, तुम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालेले. लढाईत तो गेला, तुम्ही परत आलात. मी लहान असताना दर वर्षी मे महिन्यात तुम्ही मला त्याच्या आईकडे न्यायचात. एसटीतून उतरायचं, काजूच्या झाडांतून खालच्या वाटेनं चालायचं, मग ओटीवर बसलेली म्हातारी दिसायची. ती आधी मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवते, तुम्हाला पाणी देते, तुम्ही पिऊन होईपर्यंत तांब्या धरून बसते. मग विचारते, "त्यानं पानी मागितलान का रं?" आणि तुम्ही जमिनीकडे बघत सांगता, "नाय काकी. गोळी लागली नि गेला. त्याला कळलासुदा नाय." ती मान हलवायची, पदरानं तोंड पुसायची आणि आमच्या पिशवीत आमसुलं भरायला उठायची. दर वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. मला वाटायचं, मोठी माणसं भेटली की एकमेकांना बरंय ना विचारतात त्यातलाच हा प्रकार.

म्हातारी गेली आणि मालगुंडच्या फेऱ्या थांबल्या. त्यानंतर दोनेक वर्षांनी तुम्हाला पासष्टावं लागणार होतं आणि माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. तुम्ही लढलात ती टेकडी करायची, तिच्या पायथ्याचा ओढा करायचा, तुमची पलटण उभी करायची आणि तुमच्या वाढदिवसाला तुम्हाला टेबलाशी आणून दाखवायचं. एक टेकडी आणि एक ओढा, यापलीकडे लढाईबद्दल तुम्ही घरात कधी ब्र काढला नव्हता. मी जेवताना सहज विचारल्यासारखं एकेक विचारू लागले. ओढा किती रुंद होता? मशीनगन कुठे होती? पहाटे नेमकं कुठून वर चढलात? पहिल्यांदा तुम्ही टाळलंत, मग हळूहळू बोलू लागलात. एकदा तर कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं सगळं काढून दाखवलंत. सोबत्याच्या आईनं त्याला किरमिजी रंगाचा मफलर विणून दिला होता, सुभेदार ओरडायचे म्हणून तो कॉलरच्या आत खुपसायचा आणि पाठ फिरली की परत बाहेर काढायचा, हे सांगताना तुम्ही हसलात. त्या दिवसांबद्दल बोलताना तुम्हाला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्हाला वाटत असणार, पोरगी अखेर विचारतेय. मी मापं घेत होते, बाबा.

आपल्या फौजेचे असे शिपाई कुणी करत नाही. मी दुसऱ्याच कुठल्या देशाचे मागवले, त्यांची शिरस्त्राणं कानशीनं घासून काढली, दोन रंगांची पुट्टी एकत्र मळून दातांच्या हत्यारानं त्यांना नवे चेहरे, नव्या टोप्या केल्या. त्यांतला पाचवा तुमचा सोबती, त्याच्या गळ्यात मफलर घातला. किरमिजी रंग दिला, तो वाळल्यावर पाण्यासारखा पातळ काळपट रंग घड्यांमध्ये सोडला, म्हणजे लोकर खरी वाटते. पायाखाली जांभ्या चिऱ्याचा चुरा चाळून चिकटवला. दीड महिना रोज संध्याकाळी तेच. इतकं चांगलं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि त्यानंतरही झालेलं नाही. टेबल जवळजवळ तयार झालं तेव्हा डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, काकांना दाखवण्याआधी एकदा खेळून बघू या, जमतंय का ते कळेल. मी नको म्हणायला हवं होतं. मी तर लगेच कोण कुठून सुरुवात करणार ते लिहून काढलं.

तो रविवार तुम्ही विहारातल्या सभेला गेला होतात. दीड वाजेपर्यंत येणार नाही असं सांगून गेलात आणि अकरालाच परतलात, हातात मासळीची पिशवी. मी दाराकडे पाठ करून टेबलावर वाकले होते. वळले तर तुम्ही शेजारी उभे. मला वाटलं, चिडाल. तुम्ही टेकडीच्या पायथ्याकडे बघत होतात. "माती लाल नव्हती तिथं," तुम्ही इतकंच म्हणालात. मग तुमचं बोट हळूहळू ओढ्याच्या कडेनं फिरलं, वळणापाशी थांबलं, आणि मला कळलं की तुम्ही जागा ओळखलीत. तेवढ्यात तुमची नजर बुटाच्या खोक्याच्या झाकणाकडे गेली. त्यात तो पडला होता, मफलरवाला. डाव सुरू होऊन अर्धा तासही झाला नसेल, पहिल्याच फाशांत तो गेला होता. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, दोन बोटांनी त्याला उचललंत आणि ओढ्याच्या वळणाशी उभं केलंत.

"हा सकाळी नाय गेला," तुम्ही म्हणालात. "दुपारपर्यंत होता."

डॉक्टरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. काका म्हणतात तर राहू दे की तो, असं ते हसून म्हणाले. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. तुम्ही कधी आमच्या टेबलाशी बसला नव्हतात. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलंत. मी ते पाहिलं, बाबा. पाहिलं नाही असं मी आजवर कधी म्हणू शकले नाही. "बाबा, डाव चाललाय," मी म्हणाले. "मग सांगा." आणि तुम्ही उभा केलेला तो माणूस मी उचलला आणि परत झाकणात ठेवला.

तुम्ही उठलात, पिशवी घेतलीत आणि आत गेलात. थोड्या वेळानं विळीचा आवाज यायला लागला, बांगडे तुम्हीच साफ केलेत. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मधला मोठा तुकडा माझ्या पानात वाढलात आणि तिखट कमी झालंय का विचारलंत. मी विचारायला हवं होतं, तेव्हाच. तीन दिवसांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "काय नाय, जुनी गोष्ट." दिवाळीत पुन्हा विचारलं, तर उठून फटाके वाळत घातलेत का ते बघायला गेलात. वाढदिवसाला टेबल दाखवायचा प्रश्नच उरला नव्हता. मी शर्टाचं कापड आणलं, तुम्ही ते न शिवताच कपाटात ठेवलंत. पुढच्या वर्षी श्रावणात एका सकाळी दूध आणायला गेलात आणि वाटेतच छातीत कळ येऊन बसलात, ते परत घरी चालत आलाच नाहीत.

मला हे फार उशिरा उमगलं, की म्हातारी जाईपर्यंत तुम्हाला ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिच्यासाठी तो लगेच गेलेला असणंच बरं होतं. ती गेल्यावर तुमचं तोंड मोकळं झालं, आणि आई आधीच गेलेली, ऐकणारी म्हणून घरात मी एकटी होते. सकाळपासून दुपारपर्यंत काय झालं? त्यानं पाणी मागितलं का? तुम्ही त्याच्याजवळ होतात, की लांबून नुसता त्याचा आवाज ऐकत होतात? तुम्हाला जाता येत नव्हतं, की तुम्ही गेला नाहीत? सैन्याची पुस्तकं मी आणून वाचली, कुठल्या तुकडीनं कुठली टेकडी घेतली ते त्यांत आहे. ओढ्याच्या वळणावर दुपारपर्यंत असलेल्या माणसाचं कुणी काही लिहिलेलं नाही. ते फक्त तुम्हाला माहीत होतं आणि आता ते कुणालाच माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, बाबा. तुमच्या मरणाहून जास्त वाईट वाटतं असं लिहिलं तर तुम्ही रागवाल, पण तसंच आहे.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की डॉक्टरांसमोर मला संकोच वाटला. परक्या माणसासमोर तुमच्या डोळ्यांत पाणी येईल, तुम्हाला नंतर ओशाळं वाटेल, म्हणून मी तुम्हाला थांबवलं. डॉक्टरांनी एकदा विचारलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं, आणि हे पत्र लिहायला बसले तेही हेच लिहायचं ठरवून. पण हे पोस्टात जाणार नाही, घडी करून खणात जाईल, मग खोटं कुणासाठी लिहू? त्या रविवारी आपल्या पलटणीकडून डॉक्टर खेळत होते. मी समोरची बाजू घेतली होती. वळणावरचा तो एक माणूस जिवंत राहिला असता, तर नियमाप्रमाणे माझ्या तुकडीला ओढा ओलांडता आला नसता. फासे माझ्या हातात होते, आणि मी जिंकत होते.