हिरव्या बांगडीवालीचा शेवट

गुलटेकडी, पुणे

प्रिय रझिया,

परवा एक बाई तुझ्या खराडीच्या घरी येऊन गेली, तिने तुझा निरोप पोचवला. मथुराला विचारा, ती बांगडीवाली गॅलरीतून जात का नाही, असं म्हणालीस म्हणे. ऐकलं आणि निवडत होते ती मेथी तशीच टाकून लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढची अक्षरं तू कॅसेटच्या डब्यांवरून शिकवलेली. तेव्हा वेलांटी चुकली तर दोष तुझा.

तू इथे शेजारी राहायचीस तेव्हा आपल्या दोघींचे मालक मार्केट यार्डात गेले, पोरं शाळेत गेली, की तुझ्या भावाने आखातातून आणलेला व्हीसीआर लागायचा. भर दुपारी खिडक्यांना चादरी बांधायच्या आणि भुताचा सिनेमा लावायचा. यज्ञेश्वरच्या लायब्ररीतून मी ती कॅसेट संतांच्या सिनेमाच्या डब्यात घालून आणायचे. आमच्या सासूबाई त्या डब्याला हात जोडायच्या. एकीने एखादा आधी पाहिला, तर दुसरीसाठी पिठाच्या डब्याखाली चिठ्ठी. हा दोन उशांचा, हा चार उशांचा. जेवढी भीती तेवढ्या उशा पोटाशी घ्यायच्या. शेवट मात्र सांगायचा नाही. जी सांगेल तिने महिनाभर रडके कौटुंबिक सिनेमे बघायचे. या शिक्षेच्या धाकाने चाळीस वर्षांत तू फुटली नाहीस, मीही नाही.

आणि तो पाच उशांचा, हिरव्या बांगडीवालीचा. ती गॅलरीत पाठमोरी उभी असायची. बांगड्या वाजल्या की घरातलं एक माणूस नाहीसं व्हायचं. शेवटची पंधरा मिनिटं उरली आणि फीत आत अडकली. मी शहाणी, शिवणाच्या कात्रीने ओढायला गेले आणि तोडून बसले. यज्ञेश्वरकडे तेवढी एकच प्रत होती. चार दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस. माझ्या कात्रीपायी ती बाई आहे तिथेच उभी राहिली.

ती निरोपवाली सांगत होती, तू आता गॅलरीचं दार उघडू देत नाहीस, दोरीवरचे कपडेही कुणाला आणू देत नाहीस. बांगड्या वाजतात म्हणतेस. तुझे मालक अकबरभाई गेले, त्यांनाही तिनेच नेलं म्हणतेस.

म्हणून आज नियम मोडते. तो सिनेमा मी नंतर पुरता पाहिला होता, तुला कळू दिलं नाही. ऐक. घरची म्हातारी शेवटी स्वतः गॅलरीत जाते आणि तिला म्हणते, बस गं, किती वेळची उभी आहेस. तिला चहा देते. इतकी वर्षं सगळे तिला बघून पळत होते, बस म्हणणारं कुणी भेटलंच नव्हतं. ती चहा पिते, बांगड्या उतरवून कठड्यावर ठेवते आणि जिना उतरून जाते. परत येत नाही. कुणालाही नेत नाही. या शेवटाला उशी लागत नाही, रझिया. दार उघडून बघ, बांगड्या तिथेच असतील.

शिक्षा कबूल. आजपासून महिनाभर रडके सिनेमे बघणारी,

तुझीच
मथुरा

सूनबाई, इथून पुढचं तुझ्या सासूला वाचून दाखवू नकोस. शेवट मीही पाहिलेला नाही. सोबत बांगड्या आहेत, त्या आधी कठड्यावर ठेव, मग पत्र वाच. परवा मी तिला तीनदा सांगितलं, मीच मथुरा. तिसऱ्यांदा ती हसली आणि म्हणाली, "अहो बाई, मथुराचे केस काळेभोर आहेत." पण हात सोडला नाही. मी दर गुरुवारी येईन. मला नावाने हाक मारू नकोस. निरोप न्यायला बाई आल्यात, एवढंच सांग.