मागचा टायर कोणता घ्यावा

रिस्सानी,
खजुराची तोडणी संपल्यानंतरचा शुक्रवार

प्रिय रब्हा,

तुझा निरोप मिळाला. दोन वर्षं घरी फिरकली नाहीस, फोनवर आईचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, आणि आता अचानक विचारतेस काय, तर "बाबा, मोटरसायकल घेतलीय, रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर दोन्हीकडे चालवायचीय, टायर कोणते टाकू?" दुकानात एकटाच बसून हसलो मी. शेजारचा मसालेवाला डोकावून गेला, म्हातारा ठीक आहे ना म्हणून. फोनच करणार होतो, पण टायरचा विषय घाईत उरकण्यातला नाही, आणि त्याला लागून जे सांगायचंय ते माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून हे पत्र. अक्षर समजून घे. मनगट मोडल्यापासून उजवा हात लिहितो बरा, पण गाडीची मूठ पिळायला साफ नकार देतो.

दुकानात येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो की सगळ्यात चांगला टायर कोणता. मी उलट विचारतो, जायचंय कुठे? माणसं गडबडतात. म्हणतात, सगळीकडे. सगळीकडे जाणारा टायर अजून कुणी बनवलेला नाही पोरी. तुझ्या बंदरातून, तांजियरहून निघालीस की मिदेल्तपर्यंत डांबर, पुढे झीझच्या खोऱ्यातली वळणं, तीही डांबराचीच. तिथे बटनाचे, म्हणजे उंच रबरी गाठींचे टायर घालून आलीस तर दिवसभर कानात भुंगा बसल्यासारखा आवाज येईल, बटनं इथे पोचेपर्यंत निम्मी झिजतील, आणि वळणावर पाऊस असला तर गाडी कधी पायाखालून निघून गेली ते कळायचंही नाही. बरं, नुसते रस्त्याचे टायर घातलेस तर रिस्सानीपर्यंत राणीसारखी येशील. पण त्याच्या पुढे?

पुढे काय होतं ते मला त्या बेल्जियमच्या डॉक्टरने दाखवलं. तू तेव्हा रांगत होतीस. आपला तंबू अगुनीच्या विहिरीपाशी होता आणि मी परदेशी मोटरसायकलवाल्यांना वाट दाखवायचं काम नुकतं धरलं होतं. डॉक्टरांचे टायर असे गुळगुळीत आणि देखणे की हात फिरवत राहावा. वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या वाळूत शिरताच गाडी पोटापर्यंत रुतली. आम्ही ढकलतोय, ते आपल्या भाषेत देवाला बोलावतायत, आणि तुझी आई तंबूतून तुला काखेत मारून बाहेर आली. बघितलं आणि मला म्हणाली, "बास्सू, पाहुण्याला म्हणावं गाढव घे. ते निदान रुतलं तर स्वतः ओरडतं." डॉक्टरांनी विचारलं, बाई काय म्हणाल्या? मी सांगितलं, चहाला बोलावतेय. आणि चहा खरंच तयार होता. मोटरसायकलला तिने आयुष्यभर नावं ठेवली आणि मोटरसायकलवरून आलेल्या एकालाही चहाशिवाय जाऊ दिलं नाही.

तुला आठवतं का, ती ठसे वाचायची? उंटाचे वाचतात तसेच टायरचे. जमिनीवरची नक्षी बघून सांगायची, हा तुझ्या बाबाचा, हा त्या लाल गाडीवाल्याचा, याचा पुढचा टायर एका अंगाने झिजलाय. एकदा मी वाटेत भेटलेल्या आजारी मेंढपाळाला मागे बसवून विहिरीपलीकडे सोडून आलो. तंबूत शिरलो तर ती विचारते, "कुणाला घेऊन गेला होतास?" मी म्हटलं तुला कसं कळलं. म्हणाली, "मागचा ठसा जाताना खोल आहे, येताना उथळ." तू हे शिकलीस तिच्याकडून. विहिरीकाठच्या चिखलात माझ्या टायरची नक्षी बोटाने कोरून काढायचीस आणि आईला फसवायला बघायचीस. ती फसायची नाही, पण फसल्यासारखं करायची. ते दिवस मला फार आठवतात, रब्हा. हल्ली तर टायर हातात घेतला की तेच आठवतात.

मग तुझी शाळा आली. विहिरीपासून रिस्सानी लांब, आणि तुला दुसऱ्याच्या घरी ठेवायला आई तयार नव्हती. मी म्हटलं मी पोरीला घेऊन गावात राहतो, तू बकऱ्या सांभाळ. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिने तंबू उतरवला. स्वतः विणलेलं काळं कापड, मागाची लाकडं, लोकर ठोकायची फणी, सगळं बांधून विहिरीजवळच्या बाभळीवर टांगलं. तू विचारलंस, चोर नेतील ना? ती म्हणाली, "झाडावर टांगलेल्याला मालक असतो. तो येईपर्यंत झाड राखतं." आपल्या लोकांत उपाशी माणूससुद्धा अशा गाठोड्याला हात लावत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. परत येईन अशा हिशेबानेच ती गावात आली. तुझी शाळा संपली, मग कॉलेज, मग तुझी बंदरातली नोकरी. परत जायचं राहूनच गेलं.

दोन वर्षांपूर्वीच्या ईदला ती गाठोड्याचं बोलायला लागली आणि तू म्हणालीस, "कुजलं असेल गं ते आतापर्यंत. नाहीतर नेलं असेल कुणीतरी. सोड ना आता." तू सहज बोललीस, मला माहीत आहे. ती उठून भांडी घासायला गेली. तेव्हापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही आणि मी मधल्यामध्ये दोन्हीकडचे सलाम पोचवतो. जे सलाम तुम्ही पाठवलेले नसतात तेसुद्धा. तिला राग गाठोड्याचा नव्हता. तिने जिच्यासाठी तंबू सोडला, त्याच पोरीने तो कुजला म्हणावं, हे तिला लागलं. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं की नको, कोण जाणे. आज बोलतोय.

गेल्या मंगळवारच्या बाजाराला ज़ायद आला होता, अजून तिकडेच मेंढ्या राखतो तो. आपल्या घरी चहा पिता पिता सांगायला लागला की अगुनीच्या बाभळीची फांदी वादळात मोडली, आणि गाठोडं खाली पडलं होतं. मोडल्यावर कुणीतरी येऊन ते वरच्या फांदीला नव्या दोराने बांधलंय, वरून बकरीचं कातडंही घातलंय. कुणी? त्याला माहीत नाही, आणि विचारायची गरजही त्याला वाटली नाही. तुझी आई ऐकत होती. तिने त्याच्या पेल्यात चहा ओतला, तो भरून बाहेर सांडला तरी ओततच होती.

तर आता टायर. पुढचा बटनाचाच घे. वाळूत आणि सुट्या दगडात पुढचं चाक घसरलं की सगळं संपतं, मागचं घसरलं तर नुसती कंबर हलते. डांबरावर थोडं सांभाळून ये, पुढचा टायर मागच्याइतका लवकर झिजत नाही. मागचा मात्र निम्मी रस्त्याची, निम्मी वाळूची अशा नक्षीचा हवा, बटनं रुंद आणि जवळजवळ असलेला. लांबचं डांबर त्यालाच जास्त खातं. वाळू आली की हवा कमी कर, अंगठ्याने दाबल्यावर टायर जरासा दबला पाहिजे. वाळू संपली की न कंटाळता पुन्हा भर, नाहीतर काळ्या दगडांच्या पठारावर टायरची बाजू चिरेल आणि रिमही वाकेल. ट्यूब जाड घे. आणि नवा टायर चढवून लगेच घाटात जाऊ नकोस, नवं रबर निसरडं असतं. हे सगळं तू एरवीही कुणाकडून शिकली असतीस.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. काल दुपारी तुझी आई दुकानात आली. इतक्या वर्षांत तिने उंबरठा ओलांडलेला नाही, रबराच्या वासाने डोकं उठतं म्हणते, माझा डबासुद्धा बाहेरूनच ठेवून जाते. काल पदर नाकाला लावून आत आली आणि मागच्या चाकाचे टायर एकेक करून अंगठ्याने दाबत सुटली. शेवटी म्हणाली, "रब्हाच्या गाडीला कोणता बसेल?" दोन वर्षांनी तिच्या तोंडून तुझं नाव ऐकलं मी. मी चार टायर दाखवले. तिने विचारलं, "यातला दोन माणसं पेलणारा कोणता?" मी म्हटलं, कोण दोन? "एक तुझी लेक. आणि पुराने तिकडची वाट नेली, जीप जात नाही, गाढवावर माझी कंबर टिकणार नाही. मग दुसरी कोण असणार, मसालेवाला?" चारांतल्या एकावर तिने बोट ठेवलं. आणि जाता जाता, पाठमोरी: "परत येताना गाठोडंही असेल, ते धरून बघ." तेव्हा पोरी, तू फक्त पुढचा टायर घे. मागच्या जुन्या टायरवरच इथपर्यंत ये, हळू ये. मागचा तुझ्या आईने निवडलाय, मी तो काढून भिंतीला लावून ठेवलाय. तो चढवू आणि तुम्ही दोघी अगुनीला जा. मी गावाबाहेर वाटेच्या कडेला थांबेन. तुमच्या मागच्या चाकाचा ठसा खोल उमटलेला मला बघायचाय.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा