गाडी शेपूट का टाकते?

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तब्येत बरी आहे, वजनकाटे दुरुस्तीचं दुकान नीट चाललंय. तुझी भावजय मात्र गाडीचा विषय निघाला की उठून आत जाते. कारण सांगतो.

तुला वाटतं मी ही दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कार मिरवायला घेतली. मुळीच नाही. यंत्र कसं असावं ते हिच्याकडून शिकावं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलंय. शेजारच्या शिंपीबुवांनी पुढचं झाकण उघडलं आणि ते ओरडले, अहो, तुमचं इंजिन चोरीला गेलं! सुरू केली की पाठीमागे कुणीतरी घसा खाकरून गायच्या तयारीत बसल्यासारखं वाटतं. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटते आणि आपोआप हसू फुटतं.

पण एक गोष्ट डोकं खातेय. पाण्याच्या टाकीजवळ लांब वळण आहे. तिथे ही अचानक शेपूट बाहेर टाकते. रस्ता कोरडा, ब्रेकला मी हात, म्हणजे पाय, लावलेला नाही. दुसऱ्या वेळी तर गर्रकन फिरून आम्ही आलो त्याच दिशेला तोंड करून थांबलो. तुझी भावजय उतरली, तिने पदर सारखा केला आणि चालत घरी गेली.

टायरची हवा, चाकांची अलाइनमेंट, सस्पेन्शनमधली रबरं, सगळं माझ्या हातांनी तपासलं. दोष सापडत नाही. सदोष काटा मी कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. सदोष गाडी घरात कशी ठेवू? आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर ती विकत मागताहेत. दोष आहे हे स्पष्ट सांगितलं, तरी हवीच म्हणतात. महिनाअखेरपर्यंत कारण कळलं नाही तर देऊन टाकीन. नुसत्या विचाराने रात्री उठून तिला पाहून येतो.

तू जन्मभर लोकांना गाडी शिकवलीस म्हणून विचारतो. शिकवू नकोस, फक्त सांग.

लोभ आहे तो गाडीपायी आटू देऊ नये.

तुझा भाऊ

१० फेब्रुवारी

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

तुझी सगळी मापं चष्मा लावून वाचली. चाकांची आहेत, रबरांची आहेत, चालवणाऱ्याचं एकही नाही. म्हणून विचारते. वळणात शिरताना वेग वाटला त्यापेक्षा जास्त होता का? नजर कुठे होती? आणि तुझा उजवा पाय नेमका काय करत होता? पाय जागेवर होता असं लिहू नकोस. जागेवर होता हे तू पाहिलंस का, ते लिही.

लगेच नाक फुगवू नकोस. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अर्धं गाव शिकून गेलं, पण सख्ख्या भावाने मला कधी शेजारी बसू दिलं नाही. मी माझा मी शिकलो, हे तुझं पालुपद मला पाठ आहे.

सोबत भावजयीला वेगळी चिठ्ठी आहे. ती फोडू नकोस.

तुझी, अजूनही तुझ्यापेक्षा मोठी असलेली,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे केलं. त्या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हटलं होतं, पण तुमच्या शब्दासाठी बसले. वेग बेताचा ठेवायला लावला. रस्त्याकडे पाहिलंच नाही, नुसतं यांच्या बुटाकडे पाहत राहिले. काय पाहतेस, म्हणून विचारत होते. बुटाला पॉलिश हवंय, म्हटलं.

वळण अर्ध्यावर आलं, यांच्या कपाळाला आठी पडली आणि बूट पेडलवरून चटकन उचलला गेला, चटका बसल्यासारखा. तेवढ्यात मागची बाजू हलली. पुन्हा फेरी मारायला लावली, पुन्हा तेच. विचारलं तर म्हणाले, पाय होता तिथेच होता. खोटं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच कळत नाही.

मी सांगितलं तर आठवडाभर अबोला धरतील. डॉक्टर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार नाहीत, रविवारीच गाडी न्यायला येणार आहेत. मला गाडीची हौस नाही, पण तिच्यात बसले की हे हसतात. दुकानात नाही हसत. तुम्ही शनिवारच्या आत या.

पत्र मिळताच निघावं, एवढाच लोभ.

तुमची भावजय

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू इथून परत सुखरूप पोचलीस हे कळलं. इथली हकिकत कळवतो.

काल रात्रभर कागदावर आकृती काढून पाहिली, माझ्या पायाबद्दलचं तुझं म्हणणं बरोबर निघालं. वळणात एकदम पाय उचलला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी पडतात आणि मागे टांगलेलं जड इंजिन बाहेर झोकांडी खातं. वजनाचाच धंदा करून मला हे सुचू नये!

त्या बंद कारखान्याच्या आवारात शेजारच्या सीटवरून तू मला गप्प बस म्हणालीस, ते दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेतलं नसतं. तू सांगत होतीस, कडेकडे नको, बाहेर पडायचंय तिकडे बघ. भीती वाटली तरी पाय हळूहळूच कमी कर. सातआठ फेऱ्या चुकल्या. मग एका फेरीत पाय स्थिर राहिला आणि गाडी वळणातून रुळावरून गेल्यासारखी गेली. तू ओरडलीस ते शाबासकी म्हणून, की घाबरून, ते मात्र कळलं नाही.

रविवारी डॉक्टर आले. दोष गाडीत आहे असं मीच त्यांना सांगून बसलो होतो, तेव्हा ते दुरुस्त करणं भाग होतं. म्हटलं, गाडी निर्दोष आहे. मग दोष कुठे होता, त्यांनी विचारलं. तुझी भावजय दारात उभी. मी उजवा बूट पुढे करून दाखवला. डॉक्टर म्हणाले, मग तर हवीच. म्हटलं, आता नाही. डॉक्टर हिरमुसून गेले. संध्याकाळी तुझी भावजय स्वतःहून गाडीत जाऊन बसली.

एका बाबतीत माझं तुझ्याशी पटत नाही. निघताना म्हणालीस, आता तुला शिकवायचं काही उरलं नाही. त्या आवारात आपण दिवसभर एकाच दिशेने फिरलो. वळणं सगळी उजवी होती.

डावी राहिली आहेत. कधी येतेस?

तुझा,
खटपट्या