पहिला जुहार

बरगड,
सोमवार, २२ ऑगस्ट १९९४

चि. तिलोत्तमा हिला काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या काकीचा गुडघा पावसाळाभर कुरकुरतो आणि गुडघा थांबला की काकी सुरू होते. दादाचे, म्हणजे तुझ्या बाबांचे, माग चालू आहेत. सध्या बांधाच्या सुताला रंगाआधी गाठी बांधायला घरात एक माणूस वाढलंय, त्यामुळे सणाचा माल वेळेवर निघेल. संबलपूरला मामाकडे तुझं खाणंपिणं नीट होतंय ना? मामी पखाळात पाणी जास्त आणि भात कमी घालते असं तुझी आई म्हणते, पण ती वहिनीबद्दल बोलतेय हे धरून चाल.

आता तुझं काम. इतिहास घेऊन पदवी केली तर पुढे काय, हे विचारून ठेवा असं तू लिहिलंस. मी सायकलवर साड्यांचे गठ्ठे बांधून बाजार फिरलेला माणूस. माल कुठे खपतो ते बघितल्याशिवाय मापाला हात लावत नाही. म्हणून गेले काही दिवस दुकानात जो शिकलेला माणूस बसेल त्याला आधी चहा पाजला आणि मग इतिहासावर आणला.

आपले प्रधान हेडमास्तर म्हणाले, तीन वर्षं ऑनर्स, मग बी.एड., की शाळेत नोकरी. मात्र इतिहासाच्या मास्तरला भूगोल शिकवावा लागतो आणि पीटीचे सर रजेवर गेले तर शिट्टीही वाजवावी लागते. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि वर आणखी एक परीक्षा.

दुसरे आले बीडीओ साहेब, मेहुणीच्या लग्नाची साडी घ्यायला. तेही इतिहासवाले निघाले. म्हणाले, सरकारी अधिकाऱ्यांच्या परीक्षेला हा विषय चांगला, पण बसतात हजारो आणि लागतात मोजके. हे ते बायकोच्या देखत बोलले म्हणून मी खरं धरतो. बायको शेजारी असली की पुरुष स्वतःच्या हुशारीबद्दल फार फेकत नाही.

तिसरे भुवनेश्वरच्या संग्रहालयातले, जुनी कापडं शोधत हिंडणारे. हा माणूस मला आवडला, कारण त्याने घासाघीस केली नाही आणि फुकटही मागितलं नाही. तो म्हणाला, ताम्रपट आणि ताडपत्रांच्या पोथ्या ढिगाने पडून आहेत, पण जुनी लिपी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुलीने पहिल्या वर्षापासून सोबत संस्कृत घ्यावं, दुसऱ्या वर्षी लिपी शिकायला लागावं, इंग्रजी सोडू नये. मग संग्रहालय आहे, दफ्तरखाना आहे, उत्खननाचं खातं आहे. काम उशिरा मिळेल, पण मिळालं की कुणी हलवू शकणार नाही. माझ्या मते तुझा रस्ता हा. शाळेचं दार मागे उघडं ठेवायचं, आणि चालायचं इकडे.

दादाला यातलं थोडं सांगून बघितलं. तो म्हणाला, मेलेल्यांची चौकशी करून जिवंत माणसाचं पोट भरतं का. मी म्हटलं, वकिलांचं भरतं. तो हसला नाही.

ते सगळं समोरासमोर बोलू. नुआखाईला, नव्या तांदळाचा पहिला घास खायला, तू येच. भाद्रपदातली पंचमी १० सप्टेंबरला, शनिवारी आहे, प्रवेशाची शेवटची तारीख त्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे तुला परत जायला रविवार मोकळा. तुझ्या आईने आरिसा पिठा तळायला गूळ आणून ठेवलाय. यंदा बलांगीरकडचे काही पाहुणेही जुहाराला, सणाच्या नमस्कार-आशीर्वादाला, येणार आहेत. तेव्हा येताना ती लाल बांधाची साडी आण, आईने मुद्दाम सांगितलंय.

तुझा
नृपराज काका

---

मंगळवार

मा, पोरी, वरचं पत्र काल पाकिटात घालून चिकटवलं होतं. आज सकाळी फोडलं. काकी म्हणाली, पाकीट वाया घालवलंत. मी म्हटलं, पत्र वाया गेलं असतं.

वर खोटं एकही वाक्य नाही. पण कापड दाखवताना विरलेला भाग घडीत कसा ठेवायचा ते मला येतं, आणि काल मी तसंच केलं. आता घडी उलगडतो.

गाठी बांधायला जे माणूस वाढलंय ती आपली हेमलता आहे. तुझी दीदी रथयात्रेच्या सुमाराला परत आली. माहेरपणाला नाही, कायमची. जावई काय काय करत होता ते मी कागदावर उतरवणार नाही. तिच्या डाव्या मनगटाचं हाड नीट बसलेलं नाही. सुताला गाठ मारताना ती दोरा दातात धरते. आधी कधी धरत नव्हती.

तुला कळवायचं नाही असं दादाने सगळ्यांना बजावलंय. त्याला राक्षस समजू नकोस. हेमलता अंगणात आली की तो मागावर मान खाली घालतो, आणि ती आत जाईपर्यंत त्याचा धोटा हलत नाही. पण लाजेने माणूस शहाणा होतोच असं नाही. त्याच्या मनाने घेतलंय की थोरली परत आल्याची बातमी फुटण्याआधी धाकटीचं उरकून टाकावं. बलांगीरचे पाहुणे म्हणजे मुलाकडचे. मुलगा बसचा कंडक्टर आहे, स्वभावाने बरा आहे म्हणतात. हेमलताच्या वेळीही बराच म्हणाले होते.

बेत असा आहे. आपल्या घरात जुहाराच्या वेळी दिलेला शब्द फिरवत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. देवीला नवा तांदूळ दाखवून झाला, कुरेच्या झाडाच्या पानावरचा घास सगळ्यांनी खाल्ला, की धाकट्यांनी वाकायचं आणि थोरल्यांनी डोक्यावर हात ठेवायचा. जुहार दिवसभर चालतो, त्यात पाहुणे आले की मुलाचा आजोबा तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणणार, आमच्या घरची लक्ष्मी हो. तू वाकलेली असणार. सगळं गाव बघत असणार. नाही कसं म्हणशील? हेमलताचं असंच ठरलं होतं. तेव्हा तू लहान होतीस, पिठा खात होतीस.

मला दादाने सांगितलं, तू गोड लिहितोस, तिला बोलावून घे. म्हणून कालचं पत्र.

रात्री जेवताना मी काकीला संग्रहालयवाल्याचं सांगत होतो. लिपी, दफ्तरखाना, सगळं. हेमलता वाढत होती. इतक्या दिवसांत ती माझ्याशी धड बोलली नव्हती. पळी भातात तशीच ठेवून ती म्हणाली, “काका, तिला काय नोकरी लागेल ते विचारत गावभर फिरलात. माझ्या वेळी मुलाची नोकरी विचारली होती. माझी कुणीच विचारली नाही.”

आवाज चढवला नाही. आमटी हवी का म्हणून विचारावं तसं म्हणाली. मग आमटी वाढली.

थोड्या वेळाने मी विचारलं, “तुला काय शिकायचं होतं गं?” तिने भाताचं पातेलं झाकलं. मग म्हणाली, “आता आठवत नाही.” माझे कान तिखट आहेत, मा. गिऱ्हाईक नको म्हणतं तेव्हा खरंच नको आहे की परवडत नाही, ते मला आवाजावरून कळतं. तिला आठवत होतं.

तर आता दोन वाटा आहेत आणि निवड तुझी.

एक, येऊच नकोस. ताप आलाय म्हणून मामाकडून निरोप धाड. सोमवारी जाऊन प्रवेश घे. पण मग आपल्या घरात नुआखाईचं एक पान पहिल्यांदाच रिकामं राहील, आणि ते तुझी आई वर्षभर विसरणार नाही. तूही नाही.

दुसरी, ये. लाल साडी नेस, त्यात काय बिघडतं. पाहुण्यांना बलांगीरहून यायला दुपार होईल, घरातलं नवान्न सकाळीच होतं. घास पोटात गेला की सगळ्यांच्या आधी, आईच्याही आधी, दादासमोर जा. वाक आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, “बाबा, मी इतिहास शिकायला चाललेय. जुहार.” पुढे एक शब्द नको. वाद घालू नकोस, वाकलेलीच राहा. ज्या रिवाजाने तुला बांधायचं ठरलंय तोच आधी आपल्या हातात घ्यायचा. त्या दिवशी समोर वाकलेल्या पोरीच्या डोक्यावर हात न ठेवणारा बाप मी आपल्या आळीत पाहिलेला नाही. आणि एकदा त्याने हात ठेवला की दुपारच्या आजोबांना द्यायला त्याच्याकडे शब्दच उरणार नाही.

हे नक्की जमेल असं मी म्हणत नाही. दादा माझा थोरला भाऊ आहे, मी त्याला चाळीस वर्षं वाचतोय, तरी कधी कधी ओळ चुकते. त्याने हात ठेवला नाही तर उठू नकोस. तशीच माझ्याकडे वळ. वयाने त्याच्यानंतर मीच आहे. माझा हात आधीपासून वर असेल.

त्यानंतर दादा मला माल देईल की नाही, देवी जाणे. ती काळजी तू करायची नाही. बरगडात विणकर पुष्कळ आहेत. भाऊ मात्र एकच आहे, म्हणून काल ते पाकीट चिकटवलं होतं.

हे पत्र वाचून फाडू नकोस. पुढे कधी कुणी विचारलं, या घरात कोण काय बोललं होतं, तर तुझ्यापाशी असू दे. तुझ्याच विषयातलं आहे.

हेमलताला मी पुन्हा विचारणार आहे. या वेळी आमटी वाढून झाल्यावर, सावकाश.

तुझा, आणि फार उशिराने का होईना, तुझ्या दीदीचाही,
नृपराज काका