मंदाक्रांतेचं विमान

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्याची विचारपूस करतो, नाहीतर म्हणशील स्वतःचंच पुराण लावलं. कसा आहे गुडघा? बरं. आता माझं पुराण.

आमच्या वाफमंडळाने यंदाही माझी कादंबरी वाचनाला घेतली! या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात हे तुला तीनदा सांगून झालंय आणि तीनदा तू 'काय पंक्चर?' म्हणालीस, म्हणून पुन्हा सांगतो. वीज कधी आलीच नाही आणि जग वाफेवरच पुढे गेलं, असं धरून लिहायचं. आम्ही पोशाखही तसाच करतो. माझी उंच टोपी मी पुस्तकबांधणीच्या उरलेल्या पुठ्ठ्याची केली आहे. वर काळं रेक्झिन. सूनबाई म्हणाली, बाबा, यात पाणी भरलं तर बादली होईल. म्हणू दे.

मेळावा पुढच्या महिन्यात. प्रथा तुला ठाऊक आहे: वाचन झालं की सभासद प्रश्न विचारतात, कथेतलं यंत्र चालेल का याची कसोटी घेतात. पटलं तर लेखकाने स्वतः साखळी ओढून अंगणातल्या बॉयलरची शिटी वाजवायची. ज्याची शिटी वाजली त्याचं पुस्तक मंडळ छापतं. गेल्या वर्षी माझी वाजली नाही. माझ्या नायिकेने दाराची विजेची बेल दाबली होती! सगळं सभागृह हसलं. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवली, ताई. एक तरी माझं हवं. आणखी किती मेळावे बघायला मिळतील कोण जाणे.

यंदाचं यंत्र बघ: वाफेचं विमान, आणि भट्टीचा भाता कवितेच्या चालीवर दाबायचा. शाळेत बाई टेबलावर ताल देऊन कविता म्हणायला लावायच्या, आठवतं? दीर्घ अक्षराला भाता दाबायचा, ऱ्हस्वाला सोडायचा. म्हणजे वाफ एकसारखी. विमान वर चढतं ते मंदाक्रांतेवर. तिच्याइतकं देखणं वृत्त दुसरं नाही. पहिलं प्रकरण सोबत पाठवतो. वाचून कळव.

लोभ आहेच, तो माझ्या टोपीमुळे कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
गुणगुण्या


११ फेब्रुवारी

चि. गुणगुण्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतोय, पण शिलाई मशीनचं पायडल मारायला नाही म्हणत नाही. तुझं प्रकरण शिवणाच्या शिकवणीच्या मुलींना सुट्टी देऊन, एका बैठकीत वाचलं. ढगांचं वर्णन वाचताना डोळे भरून आले. विमान मात्र पडणार.

रागावू नकोस. मी प्रकरणातली कविता पायडलवर म्हणून पाहिली. मंदाक्रांता सुरू होते ती चार दीर्घांनी. छान. मग पाच ऱ्हस्व एकामागे एक, टकटकटकटकटक! तिथे माझा पाय हवेत राहिला आणि दोरा तुटला. तुझे भातेवाले तरी काय करणार? पाच अक्षरं भाता नुसता सोडलेला, भट्टी थंड. डोंगर चढायच्या ऐन वेळी. मंदाक्रांता ही आरामखुर्चीत बसून म्हणायची बाई आहे रे, तिला कोळशाच्या कामाला कशाला जुंपतोस?

लहानपणी मी फ्रॉक शिवायचे आणि तू शेजारी बसून भुजंगप्रयात म्हणायचास. एक ऱ्हस्व, दोन दीर्घ. पाय कसा आपोआप चालायचा. ते घाल.

पटत नसेल तर सायकलचा पंप घेऊन बस आणि स्वतः बघ. पाठ सांभाळून. सूनबाईला माझे आशीर्वाद सांग, बादलीचं बरोबर बोलली.

माया आहे तशीच आहे, फक्त जीभ जरा तिखट झालीय.

ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते रागाने पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली दडपलं. शिवणकाम करणारीला वृत्तातलं काय कळतं, असं मनात आलं तेही लिहून टाकतो. मग नातीच्या सायकलचा पंप घेऊन अंगणात बसलो. तिसऱ्या ओळीला पाठ धरली. तू जिंकलीस.

चढणीला भुजंगप्रयात घातलं. पण मंदाक्रांता काढायची म्हणजे काळजाचा तुकडा काढायचा. आठवडाभर नुसता बसून होतो. मग सुचलं: उतरताना भाता लागतोच कुठे? भट्टी निवत जायला हवी, वाफ हळूहळू कमी व्हायला हवी. मंदाक्रांता उतरणीला!

आता मेळाव्याचं ऐक. मी वाचलं. प्रश्नांना आमच्या अध्यक्षीण उभ्या राहिल्या. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, कीड लपू देत नाहीत. त्या म्हणाल्या की ऐकायला गोड आहे, पण हे चालतं कशावरून? अंगणात चला, करून दाखवा.

सगळे बॉयलरपाशी. मंडळातल्या लिफ्टदुरुस्तीवाल्याने, हा बॉयलर त्यानेच बांधलाय, भात्याची दांडी चौघांच्या हाती दिली. मी म्हणू लागलो:

चला रे चला उंच वाऱ्यावरी या,
ढगांचा जिना हा पुढे वाट पाही

आणि ताई, दाबाचा काटा चढू लागला! एकसारखा, कुठे धक्का नाही. मग मी हात वर करून भाता थांबवला आणि उतरणीची सुरू केली:

आता वारा हळुहळु निजे, शांत झाली शिडे ही

टोप्या, गॉगल, कंबरपट्टे, सगळे माझ्याभोवती सरकले. मी अख्खी कविता म्हणालो. डॉक्टरीणबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी नुसतं साखळीकडे बोट केलं. मी साखळी ओढली.

फुस्स.

शिटी वाजलीच नाही! कविता ऐकण्यात भट्टीकडे कोणी बघितलंच नव्हतं, लिफ्टवाल्यानेही नाही. वाफ उतरून गेली होती. मला वाटलं, याही वर्षी राहिलं. तेवढ्यात लिफ्टवाला ओरडला की अरे बघताय काय, विमान खरंच खाली उतरलंय, चढवा परत! झालं. दांडीवर चौघांच्या जागी आठ जण. मला म्हणायची गरजच उरली नाही, एकदा ऐकलेल्या त्या दोन ओळी सगळं अंगण म्हणू लागलं. माझी चाल, माझे शब्द, साठ-सत्तर गळ्यांत. डॉक्टरीणबाई टोपी फेकून दांडीला लोंबकळल्या. काटा वर, आणखी वर. मग मला पुढे ढकललं.

अशी वाजली म्हणतेस! समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या, रस्त्यावरच्या बसवाल्याने उलट हॉर्न दिला. मी साखळी सोडेचना. शेवटी नातीने बोटं सोडवली.

पुस्तक पावसाआधी निघेल. बांधणी मीच करणार.

तुझी माया अशीच चढत्या काट्याची राहो.

तुझा,
गुणगुण्या


२९ मार्च

चि. गुणगुण्यास,
अनेक आशीर्वाद, आणि वर एक जास्तीचा.

पत्र शिकवणीत मोठ्याने वाचलं. 'फुस्स'ला मुली रडकुंडीला आल्या, शिटीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता एक कबुली. तू पाठवलेला तो टोपीवाला फोटो मी भिंतीवर लावलाय. शेजारणी विचारायच्या, तेव्हा आजवर मी सांगत आले की भाऊ लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. काल गुडघ्याला पट्टी बांधली, तिन्ही मजले चढले, आणि दारोदार जाऊन दुरुस्त करून आले. तळमजल्यावरच्या म्हणाल्या, म्हणजे ते काहीतरी लिहितात होय. मी म्हटलं, काहीतरी नाही लिहीत. लेखक आहे तो.

ताई