हाराम माझा हात का दाबायची

मी, प्यो बुन-ए, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार गुनसान, दक्षिण कोरिया, बंदरामागच्या गल्लीतील सुक्या मासळीच्या दुकानावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुक्रवारपासून डोकं सुन्न आहे, पण ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तशी कुणाची छातीही नाही. नात हाराम हिने माझ्या शवपेटीजवळ फिरकू नये असं ज्यात लिहिलं होतं, ते आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. दुकान व वरचं घर मुलगा गी-बोम याला. दुकान सून चालवते, म्हणून विकायचं झाल्यास तिची संमती लागेल. गी-बोम, तोंड वाकडं करू नकोस.

२. किमचीचं लोणचं मुरवायचे मातीचे रांजण शेजारीण मो ओक-जा हिला. मीठ मात्र तिने जरा सढळ हाताने घालावं.

३. टीव्ही चर्चच्या शुक्रवारच्या महिला प्रार्थनेला. "आम्ही नाही बाई मालिका बघत," म्हणणाऱ्या सगळ्यांना पुढच्या भागात काय होणार ते पाठ असतं.

आता त्या शुक्रवारचं. प्रार्थना माझ्याच घरी होती. आमेन झालं, मी नासपती चिरायला बसले आणि ओक-जाने टीव्ही लावला. पडद्यावर आमची हाराम! निळे केस, उघडं पोट, पाच पोरींच्या मधोमध. मी सुरी खाली ठेवून चष्मा लावला. अरे देवा! ही पोर लहानपणापासून पहाटेच्या प्रार्थनेला माझ्या बाकावर बसायची. गाण्याच्या कंपनीत निघाली तेव्हा मी दारात उभी राहिले होते. "प्रभू की ती नाचगाण्याची टोळी, एक काय ते ठरव." ती म्हणाली, "आजी, मी प्रभूला सोडलंय कुठे?" आणि गेली.

गाणं संपलं. सूत्रसंचालकाने विचारलं, "गाणं शिकलीस कुठे?"

"चर्चमध्ये, आजीच्या शेजारी," हाराम हसत म्हणाली. "आजी फार बेसूर गाते. अख्ख्या बाकाचा सूर घसरायचा. मग उंच सूर आला की मी तिचा हात दाबायचे. ती गप्प व्हायची, तेवढ्यात मी गाऊन घ्यायचे. आता मंचावर जाताना स्वतःचाच हात दाबते आणि तिच्यासाठी प्रार्थना करते."

बेसूर! मी! गायनमंडळात तीस वर्षं काढलेली बाई! मला वाटायचं, पोरीला भक्तीचं भरतं येतंय. तिने हात दाबला की मीही डोळे मिटून मनातल्या मनात आमेन म्हणत थांबायचे. मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्या एकदम अर्धवट चिरलेल्या नासपतीकडे बघू लागल्या.

"ओक-जा, तुला माहीत होतं?"

"अख्ख्या गुनसानला माहीत आहे गं. पण तुझ्या तोंडाला लागणार कोण?"

४. गायनमंडळाचा माझा झगा हारामला. घोट्यापर्यंत येतो, पोटाचा प्रश्न मिटेल. उघडं पोट मला पटलेलं नाही, मेल्यावरही पटणार नाही. पण आवाज तोच होता, बाकावरचा. तो देवाने दिलाय, कंपनीने नाही.

५. आमच्या चर्चचे पाळक कुक म्हणतात, जगाला विकलेला गळा वेदीपुढे चालणार नाही. पाळकसाहेब, माझा गळा इतकी वर्षं चालवून घेतलात ना? माझ्या अंत्यविधीला हारामच गाईल, केस कुठल्याही रंगाचे असोत. तिला अडवलंत तर माझी शवपेटी उचलून मासळीबाजारात न्यावी आणि तिने तिथे गावं.

६. त्या दिवशी मी गाणार नाही, तेव्हा सर्वांनी निर्धास्त असावं. आमच्यात पेटी आधीच बंद करतात, ठाऊक आहे. तरी माझं झाकण थोडा वेळ उघडं ठेवावं. उंच सूर आला की हारामने माझा हात एकदा दाबावा.

हे सर्व मी लिहून, वाचून, डोळे पुसून शिक्का मारला आहे.

साक्षीदार:
मो ओक-जा (मीठ मी बेतानेच घालते.)
बोंग छ्यॉल-ग्यू, गायनमंडळप्रमुख (ताई, तुम्हाला मागच्या रांगेत उभं केलं ते उंचीमुळे नव्हतं. क्षमा असावी.)

प्यो बुन-ए
गुनसान, ६ नोव्हेंबर २०२३