कुंभार वेशीची बस

१० डिसेंबर १९७४, मंगळवार. सोलापूर

यात्रेच्या गाडीतला आमचा सगळा डबा तुळजापूरला गेला आणि आम्ही दोघी मागे! ऐन वेळी आई म्हणाल्या, "माझे गुडघे धरलेत. मी येत नाही." भवानीचं दर्शन, भवानीचं दर्शन म्हणून चिपळूण सोडल्यापासून जप चालला होता. देवी तासाभराच्या अंतरावर आली आणि ह्यांचे गुडघे धरले. सासूबाई राहणार म्हणजे सुनेनं राहायलाच हवं. दामलेकाकूंनी खिडकीतून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अडवलंय. चिपळुणात आमच्या शेजारच्याच त्या. घरी गेल्यावर ह्याचंसुद्धा चऱ्हाट लावतील.

आमची यात्रा स्पेशल म्हणजे दाभोळची बोटच. गावोगाव नांगर टाकते. उतरायचं, देव बघायचे, पुन्हा आपल्या डब्यात येऊन झोपायचं. इथं डबे सायडिंगला लावलेत, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. पण देवळाशिवाय गाव म्हणून काही असतं की नाही? पुणं आलं नि गेलं, मी पाहिलं काय — एक घाट आणि दोन गाभारे!

दुपारी धीर करून म्हटलं, "आई, नुसतं बसून काय करायचं? शहर बघून येऊ या का?" नाहीच म्हणणार अशी खात्री होती. त्यांनी खिडकीतून पलीकडचा रस्ता पाहिला. मग म्हणाल्या, "टांगा नको. बसनं जाऊ."

मी उडालेच. पण लगेच चपला घातल्या — विचार बदलायच्या आत.

चिपळुणात एस. टी. आहे, पण ती गावाबाहेर नेते. इथली बस गावातल्या गावात फिरते! पहिल्या बाकावर जागा मिळाली. तलावाच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ, किल्ल्याची काळी भिंत, मग दाट पेठा. दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या, बोटं चालतायत आणि तोंडं तेलुगूत चाललीयत. एका गल्लीतून नुसता मागांचा खडखडाट. दोरीवर वाळत घातलेलं रंगीत सूत बसच्या टपाला लागेल की काय असं वाटलं. मी मान बाहेर काढून बघत होते. आई दटावतील म्हटलं, तर त्याही बघत होत्या.

आणि मग ते झालं. भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी आईंच्या शेजारी टेकली आणि काहीतरी विचारलं. कानडीत. आईंनी उत्तर दिलं.

कानडीत!

एकदा नाही, तीन-चार वेळा. म्हातारी उतरल्यावर मी विचारलं, "आई, तुम्हाला कानडी येतं?"

"येतं थोडं."

"ती काय म्हणाली?"

"कुठं निघालात म्हणाली. मी म्हटलं, सहज, गाव बघायला."

एकोणीस वर्षं ह्या बाईच्या हाताखाली काढली. ह्यांच्या सोवळ्याची घडी कशी असते, आमटीत गूळ किती लागतो, सगळं पाठ आहे मला. आणि कानडी?


११ डिसेंबर, बुधवार

मंडळी अक्कलकोटला गेली. आईंचे गुडघे आजही धरलेले. दामलेकाकू म्हणाल्या, "मग यात्रेला आलात कशाला?" आईंनी ऐकलं नाहीसं केलं. डबा रिकामा झाला आणि पाच मिनिटांत त्या लुगडं बदलून तयार. "चल. कालच्याच बसनं."

शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. परत आलो. पुन्हा तीच बस! मग दुसरी. मला मजाच वाटत होती — गिरणीचा भोंगा झाला आणि रस्ता माणसांनी भरून वाहायला लागला, सायकली, डबे, तोंडातलं पान सांभाळत बोलणं, एकाच वाक्यात मराठी, कानडी, दखनी! — पण आई गंमत बघत नव्हत्या. घरं बघत होत्या. एकेका वळणाला उठायच्या, पुन्हा बसायच्या.

कंडक्टरचं नाव नागनाथ. पोरगेलासा, मिशीला तेल लावलेला. तिसऱ्यांदा तिकीट फाडताना म्हणाला, "आजी, कालधरनं बगतोय. काय हुडकताय?"

आई म्हणाल्या, "घर."

"कुणाचं?"

"माजं."

माजं म्हणाल्या. माझं नाही.

"पत्ता काय?"

"पत्ता न्हाय. भट्टी होती दारात. म्होरं आड होता."

"कुंभाराची भट्टी व्हय? मग कुंभार वेस की! हितनं चारदा गेलो आपण. आवो आजी, गाडीत बसून घर घावत न्हाय. उतराया लागतंय!"

पण आई उतरल्या नाहीत. कुंभार वेस आली तेव्हा त्यांनी पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरली. नागनाथनं घंटीची दोरी ओढायला हात वर केला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तसाच खाली घेतला.

डब्यात परतल्यावर मी स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि समोर बसले. म्हटलं, सांगायचं नसेल तर नका सांगू. त्यांनी सांगितलं. भिंतीकडे बघत, सरळ, जणू दुसऱ्या कुणाचं.

बाप मल्लप्पा, कुंभार. घरात कानडी, बाहेर मराठी. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला तापाची मोठी साथ आली, तिच्यात बाप गेला. आईला इस्पितळात नेलं. धाकटी बहीण वर्षाची, ती काकाच्या कडेवर. ह्या तेव्हा जेमतेम दहाच्या. रेल्वेतल्या एका कोकणी गार्डाच्या घरी मडकी पोचवायला जायच्या. गार्डाच्या बायकोला मूलबाळ नव्हतं. तिनं ह्यांना ठेवून घेतलं आणि सांगितलं, तुझं आता कुणी उरलं नाही गं. पुढच्याच आठवड्यात गार्डाची बदली. नाव बदललं, भाची म्हणून वाढवली, ब्राह्मणाच्या घरात दिली. मामंजींना ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांना ठाऊक नाही. कुणालाच नाही.

"आणि तुळजापूर?" मी विचारलं.

"सोलापूरला यायचं म्हणून तुळजापुराचं नाव घेत होते."

चहा तसाच राहिला होता. मी तो पुन्हा गरम केला. लग्न होऊन आले त्या वर्षी कुंभाराकडून आणलेल्या माठावर पाणी न शिंपडता मी तो स्वयंपाकघरात नेला होता, तेव्हा आईंनी मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. तो राग मी जपून ठेवलाय. आज तो शोधला तर हाताला लागेना. केवढी भीती घेऊन जगली असेल ही बाई!


१२ डिसेंबर, गुरुवार

उतरलो!

नागनाथची पाळी नव्हती, दुसराच कंडक्टर होता. कुंभार वेशीला मीच उठले आणि आईंचा दंड धरला. 

गल्लीत संक्रांतीची सुगडं वाळत घातलेली. पाय टाकायला जागा नाही. आड बुजवलेला, त्यावर आता पिठाची गिरणी. तिथल्या माणसाला विचारलं, मल्लप्पा कुंभाराचं घर? तो म्हणाला, "मल्लप्पा कोण? चंद्रव्वाला इचारा, तिला समद्या म्हाताऱ्यांची नावं ठावं हायती."

चंद्रव्वा ओसरीवर बसून सुगडांना तांबडी काव लावत होती. साठीजवळची, काटक, कपाळावर भस्म. मी आईंकडे पाहिलं, चंद्रव्वाकडे पाहिलं. नाक! तेच नाक, आमच्या ह्यांच्याही तोंडावर आहे ते!

"मल्लप्पा माजा अप्पा," ती म्हणाली. "तुमी कोण? कुटनं आला?"

आई एक पाऊल पुढं होऊन म्हणाल्या, "शिवम्मा."

मी पहिल्यांदा ऐकलं त्यांचं नाव. आमच्या घरी त्या जानकी.

चंद्रव्वानं काव लावणं थांबवलं नाही. हातातलं सुगड पुरं केलं, उन्हात ठेवलं, पदराला हात पुसले. "शिवम्मा मेली," ती म्हणाली. "लई वरसं झाली."

आई कानडीत काहीतरी म्हणाल्या. तिनंही कानडीत उत्तर दिलं, आवाज चढवून. मला काही कळत नव्हतं. दोघींची तोंडं बघत नुसती उभी होते. शेजारच्या बायका दारांत आल्या. एका वाक्यावर आई मटकन ओट्यावर बसल्या. चंद्रव्वा माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, मलाही कळावं म्हणून असेल —

"अव्वा मेली न्हवती, बाई. इस्पितळातनं बरी हून आली. घरात पोर न्हाय! येडी झाली. रोज ठेसनावर जायाची. येईल त्या गार्डाला इचारायची, माजी शिवी कुटं हाय, माजी शिवी कुटं नेली. शिपाई हाकलायचे तरी जायाची. मला काकेत मारून जायाची. मी ठेसनावरच चालाया शिकली म्हणा की. माजं लगीन झालं, पोरं झाली, तवा कुटं अव्वा मेली. आनि ही आता येतीय!"

आई म्हणाल्या, "मला सांगितलं, कुणी उरलं नाही."

"तू मागारी बगाया यायचं हुतंस."

"मी लहान होते, चंद्री."

"मोटी कवा झालीस मग?"

मी म्हटलं, "आई, चला," कारण बायका जमायला लागल्या होत्या आणि मला ते सोसेना. आई उठल्या. आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. तेवढ्यात मागून हाक आली, "पानी तर पिऊन जा की! का बामणीन झालीस?"

आई वळल्या. आपला फिरकीचा तांब्या गेले सहा दिवस हातातून सोडला नाही ह्यांनी, स्टेशनच्या नळाचं पाणीसुद्धा गाळून घेतात. ओट्यावर बसल्या आणि चंद्रव्वानं दिलेलं पाणी, तिच्या घरच्या मडक्यातलं, लोटाभर प्यायल्या. चंद्रव्वा बघत उभी. मग तिनं स्वतःच्या लुगड्याच्या पदरानं आईंचं तोंड पुसलं. पाणी हनुवटीवरून ओघळलं होतं म्हणून. का रडत होत्या म्हणून, कुणास ठाऊक.


१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळीच आई म्हणाल्या, "शशी, आज मी एकटी जाते." पहिल्यांदाच त्या एकट्या कुठं निघाल्या असतील. मी बस थांब्यापर्यंत गेले. नागनाथच होता! म्हणाला, "घावलं का घर?" आई म्हणाल्या, "घावलं." त्यानं हात धरून पुढच्या बाकावर बसवलं.

मी मात्र राहवेना म्हणून दुसऱ्या बसनं विजापूर रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. एकटीनं! शहर संपतं तिथं बस वळते, पुढं नुसतं सपाट रान, इतकं सपाट की आम्हा कोकण्यांना भीती वाटावी. ड्रायव्हरनं बिडी पेटवली. मी उतरून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. कुणी विचारलं नाही, कुणाची कोण.

दुपार टळली. मंडळी पंढरपूरहून आली. सामान बांधून झालं. इंजिन लागलं. आई नाहीत.

दामलेकाकू चौथ्यांदा विचारतायत, "कुठं गेल्या सासूबाई? कुणाकडे गेल्या? सोलापुरात तुमचं कोण आहे?"

मी म्हटलं, ओळखीचं आहे कुणी. मॅनेजर म्हणतो, गाडी थांबणार नाही, अक्कलकोटला एक जोडपं राहिलं तेही मागंच राहिलं. चिपळूणला जाऊन मी ह्यांना काय सांगू? तुमची आई तिच्या आईच्या घरी राहिली? त्या राहिल्या तर माझं बोलायचं धाडस होईल का? आणि राहाव्यात असंही वाटतंय. फाटकाकडे बघून डोळे दुखले.


१४ डिसेंबर, शनिवार. गाडीत

काल शिट्टी झाल्यावर आई आल्या. धापा टाकत, आणि पाठीमागे गाठोडं घेऊन चंद्रव्वा! मॅनेजर आडवा आला. आईंनी अक्कलकोटच्या जोडप्याची रिकामी जागा दाखवली, "ही माझ्या घरी येतेय." दामलेकाकू म्हणाल्या, "ही कोण हो?" डबाभर बायका ऐकत होत्या.

"माझी सख्खी बहीण," आई म्हणाल्या. "कुंभाराची. आणि मीही कुंभाराचीच."

तेव्हापासून डब्यात कुणी आमच्याशी बोलत नाही. समोरच्या बाकावर त्या दोघी मात्र सकाळपासून बोलतायत. भांडतायतही बहुतेक. मला एक अक्षर कळत नाही.